चिमणराव एवढा भित्रा, तरी आवडता का?

दांडियाबजारकर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले तेव्हा आमच्या नातलगांच्या ग्रुपवर गुंड्याभाऊच्या फोटोंचा पूर आला होता. ते योग्यच. पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, तो आज इथे सोडतो. त्या जोडीतला मला खरा आवडतो तो चिमणराव. आवडतो म्हणजे नुसती गंमत वाटते असं नव्हे, मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. घरी हे बोललो तर बायको म्हणाली, "आदर? चिमणरावाबद्दल? अंगात कणकण आहे का बघू तुमच्या."

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका लागायची. कृष्णधवल. निर्माते याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे त्याचा सोटेवाला भाऊ गुंड्याभाऊ, स्मिता पावसकर चिमणरावाची बायको काऊ. मूळ कथा चि. वि. जोशींच्या.

आता मजा बघा. चि. वि. पुण्याचे खरे, पण त्यांची बहुतेक नोकरी आपल्या बडोद्यात झाली. बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक, पुढे संस्थानाचे राजदफ्तरदार, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणारे अधिकारी. म्हणजे चिमणराव जोग राहायला पुण्यात, पण त्याची दौत-लेखणी बडोद्याची. आणि मालिका आली तेव्हा नेमकी बडोद्यातच दिसत नव्हती! मुंबई केंद्राचे कार्यक्रम इथवर पोचायचेच नाहीत. मे महिन्यात मुंबईची भावंडं यायची, वाड्याच्या ओट्यावर चिमणरावाच्या नकला करून दाखवायची, आणि आम्ही तोंडं बघत बसायचो. मी प्रभावळकरांना छोट्या पडद्यावर आधी पाहिलं ते आबा टिपरे म्हणून, केबल आल्यावर. चिमणराव त्यानंतर, यूट्यूबवर जे थोडे भाग मिळतात त्यांत.

मुद्द्यावर येतो. चिमणराव कारकून माणूस. कचेरीत साहेबाला घाबरतो, घरात आईला वचकून असतो, काऊपुढे त्याचं काही चालत नाही, रस्त्यात कोणी आवाज चढवला की याच्या घशाला कोरड. पण ही भीती तो पुढे कुणाच्या माथी मारत नाही. माझं सगळं आयुष्य कचेऱ्यांत गेलं. साहेब हेडक्लार्कवर भडकतो, हेडक्लार्क शिपायावर, शिपाई घरी जाऊन पोरांवर. ही उतरंड रोज बघितली. आमचे एक साहेब, वरून फोन आला की "यस सर, यस सर" करत उभे राहायचे. फोन ठेवला की काचेचा पेपरवेट टेबलावर एकदा गरकन फिरवायचे. तो थांबायच्या आत बाहेर बाकावर जो कोणी बसला असेल त्याला आत बोलावून फैलावर घ्यायचे. आम्ही पेपरवेटचा आवाज ऐकून चहाला सटकायचो.

चिमणरावापाशी ही उतरंड संपते. वरचं सगळं तो ऐकून घेतो आणि खाली काही जाऊ देत नाही. उलट स्वतःची फजिती स्वतःच चवीने सांगतो. मला यात धाडस दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

सोटा_बहाद्दर

काका, लिहिलंत छान, पण हिशेबात एक माणूस विसरलात. चिमणरावाला इतकं सभ्य राहणं परवडतं कारण शेजारी गुंड्याभाऊ सोटा घेऊन उभा आहे! आम्हा एकट्यादुकट्यांना असा भाऊ मिळाला असता तर आम्हीही संत झालो असतो.

बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. नोकरी सांभाळून नाटकं करत आले. पुढे त्यांनी कितीतरी कामं केली, तरी लोकांच्या तोंडी गुंड्याभाऊच राहिला. असं उगाच होतं का? लोकांना आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस हवा असतो. घाबरणारे घरोघरी आहेत.

दांडियाबजारकर

सोटा_बहाद्दर, गुंड्याभाऊच्या सोट्याने किती प्रश्न सुटले आणि किती वाढले ते एकदा मोजा. चांगल्या चाललेल्या कामात पडायचं, बिघडवायचं, आणि वर छाती काढून उभं राहायचं. ती गंमतच आहे त्याची. मार खायची, माफी मागायची वेळ आली की पुढे कोण होतो? चिमणराव. गुंड्याभाऊ मलाही प्रिय आहे, त्याच्या मनात पाप नाही. पण संरक्षक वगैरे म्हणू नका हो.

मोडी_वाचणारी

धागा वाचून राहवलं नाही. मी मोडी शिकले आणि काही काळ जुन्या दफ्तरातले कागद वाचायचं काम केलं. दफ्तरात कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा मोठा चौकोन. समोरासमोरची टोकं घेऊन गाठ, त्यावर उरलेल्या दोन टोकांची गाठ. ती सोडायला नखं लागतात. सोडली की आधी धूळ, मग शिंका, मग कागद. कडा कसरीने खाल्लेल्या, शाई मात्र काळी कुळकुळीत. नवख्या माणसाला वाटतं, आत लढाया आणि तह असतील. असतात अर्ज. रजेचे, थकलेल्या पगाराचे, बढतीचे, शेजाऱ्याच्या भिंतीचे. माणूस सरकारपुढे किती तऱ्हांनी वाकतो ते तिथे कळतं. पहिल्या चार ओळी नुसत्या मायबाप सरकारच्या गौरवात जातात आणि मग हळूच, जीव मुठीत धरून, मुद्दा येतो.

पण येतो हं मुद्दा! हेच मला सांगायचंय. एका कारकुनाचा अर्ज आठवतो, रजा नाकारल्याचा. तीन पानं नुसती विनवणी, आणि शेवटच्या ओळीत कुठल्या नियमाने रजा मिळायला हवी ते नियमाच्या कलमासकट. मला तो वाचताना चिमणरावच दिसला. राजदफ्तरदार म्हणून असल्या रुमालांत वावरलेला माणूस अशा कारकुनांना नुसता हसत नसणार, तो त्यांना ओळखत असणार. वाकलेला माणूस मोडलेला असतोच असं नाही. दांडियाबजारकर, तुमच्या बाजूने माझं एक मत.

अट्ठकथा

चि. विं.च्या नोकरीची दुसरी बाजू सांगतो. पाली ते धर्मानंद कोसंबींकडे शिकले. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी 'सद्धम्मप्पकासिनी' ही अट्ठकथा, म्हणजे पालीतला टीकाग्रंथ, संपादित केली. तीन खंड, १९३३ ते १९४७. हस्तलिखितं ताडून बघायची, पाठभेद टिपायचे, असलं डोळे फोडणारं काम. आणि त्याच वर्षांत इकडे चिमणराव-गुंड्याभाऊची पुस्तकं येत होती. सकाळी बौद्ध टीकाग्रंथ आणि संध्याकाळी काऊ-मोरू-मैना, असा माणूस.

मला वाटतं हे दोन कप्पे वेगळे नाहीत. 'मी' नावाचं जे गाठोडं आपण जन्मभर मिरवतो ते पोकळ आहे, हे बौद्ध ग्रंथ गंभीरपणे सांगतात. चिमणराव तेच फजितीतून सांगतो. त्याचा मान पुन्हा पुन्हा जातो आणि दर वेळी कळतं की जाण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

सोटा_बहाद्दर

झालं! आता चिमणराव बोधिसत्त्व. अहो सर, मालिका बघताना आमच्या आजोबांच्या डोळ्यांतून हसून पाणी यायचं, निर्वाणाचा विचारही नसेल त्यांच्या मनात.

अट्ठकथा

हसून पाणी आलं ना? मग काम झालं. बाकी शेपूट मी माझ्यापाशी ठेवतो.

पोहे_जिलेबी_इंदूर

इंदूरहून सगळ्यांना नमस्कार. आम्हा माळव्यातल्या मराठी लोकांनाही मुंबई केंद्र दिसायचं नाही, त्यामुळे चिमणराव आमच्या लहानपणात नाही. आमची मराठी बाई टीव्हीवर आली ती हिंदीतून, १९८५ साली. रजनी! बासू चटर्जींची मालिका, प्रिया तेंडुलकर. साधी गृहिणी, पण जिथे लबाडी दिसेल तिथे पदर खोचून उभी. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागला तेव्हा खऱ्या टॅक्सीवाल्यांनी निषेध केला होता, इतकं ते झोंबलं.

आमच्या आईवर तिचा काय परिणाम झाला ते सांगतो. गॅसची टाकी लवकर संपते अशी तिची जुनी कुरकुर. रजनी बघायला लागल्यावर एका सकाळी तिने गल्लीतल्या भंगारवाल्याचा ताणकाटा मागून आणला. टाकी देणारा आला, तसं दारातच, "भैया, पहले तौल के दिखाओ." तो म्हणाला, माताजी, पूरी है. आईने काटा पुढे केला. काट्याला टाकी अडकवून उचलायला दोन माणसं लागतात हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, मग एक टोक बाबांनी धरलं, लुंगी सावरत, चेहरा असा की धरणी दुभंगावी. टाकी कमीच भरली! त्याने गुपचूप दुसरी दिली, आणि त्यानंतर आमच्या अख्ख्या गल्लीत काटा फिरायला लागला.

तर काका, माझा आक्षेप असा. तुमचे पेपरवेट फिरवणारे साहेब कुणाच्या जिवावर माजले? जे गप्प ऐकून घेत होते त्यांच्या. चिमणराव राग खाली जाऊ देत नाही, कबूल. पण वर तरी कुठे पाठवतो? रजनी वर पाठवायची. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. तो रजनीमुळे आला असा माझा दावा नाही, पण तो वापरायला निघालेल्या बायकांना काउंटरवर कसं उभं राहायचं ते तिनेच दाखवलं होतं.

काऊची_बाजू

इंदूरकर, तुमच्या आईला माझा साष्टांग. आणि लुंगीवाल्या बाबांनाही. ते चिमणरावच की!

आता मी जरा कडू बोलते. चिमणराव काऊवर राग काढत नाही हे खरं. पण विनोद काढतो. तिच्या समजुतीवर, तिच्या माहेरावर, तिच्या हौशींवर. लिहिलं तो काळ १९३०-४० चा, तेव्हा घरोघरी तसंच बोलत, हे मला समजतं. तरी कथा सलग वाचायला घेतल्या की मधूनमधून खटकतं. बायको हा विषय हमखास हशा मिळवणारा होता आणि चिमणरावाने तो सोडलेला नाही.

मालिकेत मात्र थोडं वेगळं होतं असं माझं मत. पुस्तकात सगळं चिमणरावच सांगतो, काऊ त्याच्या वाक्यांतूनच दिसते. पडद्यावर तसं करता येत नाही. तिथे स्मिता पावसकर समोर उभी आहे. चिमणराव काही बढाई मारतोय आणि ती नुसती बघतेय. त्या बघण्याने त्याची बढाई जागच्या जागी जिरते. दांडियाबजारकर, उतरंड तुटते म्हणालात ना, त्यात काऊचाही हात आहे. ती खाली उभीच नाहीये मुळी. राग उतरवायचा तर कुणावर?

दांडियाबजारकर

हे शेवटचं वाक्य मी आमच्या ग्रुपवर टाकतोय, तुमच्या नावासकट.

इंदूरकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. रजनी थोर आहेच, वाद नाही. पण तिचं थोरपण मला दुरून बघायला मिळतं. ती जे करते ते मी कचेरीत असताना केलं असतं तर माझी बदली डांगच्या जंगलात झाली असती, आणि घरी म्हातारे आईवडील होते. असे लाखो लोक असतात. ज्यांना वर भिडणं जमत नाही त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. आतल्या आत कडवट होऊन घरादाराला छळायचं, नाहीतर चिमणराव व्हायचं. दुसरी वाट सोपी नाही हो. मी बघितलंय, फार थोड्यांना जमते.

आबांची_नात

सगळे चिमणरावावर तुटून पडलेत, माझे आबा टिपरे कुणालाच आठवेनात! 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या अल्फा मराठीवर, केदार शिंदे दिग्दर्शक. मूळ लेखन प्रभावळकरांचंच. बडोद्यातल्या आमच्या पिढीला घरात मराठी ऐकू यायची, बाहेर गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी. टिपऱ्यांच्या घरात शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका जसं बोलायचे ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या वयाची पोरं मराठीत भांडूही शकतात.

प्रभावळकरांनी तरुणपणी चिमणराव केला आणि उतारवयाकडे झुकताना आबा. दोघांत एक सारखेपणा आहे. आबा घरातले सगळ्यांत मोठे, हुकूम सोडायचा हक्क त्यांना होता. ते काय करतात? रोजनिशी लिहितात. मुलाचं चुकलं, सुनेचं चुकलं, नातवाने दिवे लावले, सगळं वहीत. आणि स्वतःचं चुकलं तर तेही वहीत. दांडियाबजारकरकाका, तुमची उतरंड इथे उलटी लावून बघा. चिमणराव खाली उभा राहून राग अडवतो, आबा वर उभे राहून अडवतात. मला आबांचं जास्त अवघड वाटतं, कारण त्यांना अडवणारं कोणी नाही.

ओटल्यावरचा_पोरगा

नमस्ते, मी लहान आहे इथे, एमएस युनिव्हर्सिटीत शिकतो. शाळा गुजराती मीडियम, मराठी घरची, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चिमणराव बघितला नव्हता. आमच्यासाठी टीव्हीवरचा मराठी माणूस म्हणजे 'तारक मेहता'तले भिडे मास्तर. २००८ पासून चालू आहे, माझ्या आठवणीत ती मालिका नसलेला काळच नाही. सोसायटीत मी एकटा मराठी. वॉचमन, भाजीवाला, पटेलकाका, सगळे बाबांना "भिडे" म्हणतात. आडनाव वेगळं आहे आमचं! बाबांनी मेंटेनन्सचा हिशेब मागितला की हमखास कोणीतरी बोलतं, "आव्या एकमेव सेक्रेटरी!" बाबा आधी चिडायचे, आता स्वतःच दारावर टकटक करून म्हणतात, "भिडे आव्यो छे."

मला भिडे मास्तर आवडतात. पैशापैशाचा हिशेब ठेवतात, सखाराम स्कूटर पुसून ठेवतात, बायकोच्या लोणची-पापडाच्या धंद्याचा अभिमान बाळगतात, आणि गोकुळधाममध्ये सगळ्या प्रांतांचे लोक असताना सेक्रेटरीचं डोकेदुखीचं काम तेच करतात. पण धागा वाचून विचार करायला लागलो. भिडे चिडतात. खिडकीची काच फुटली की टप्पूसेनेवर ओरडतात. म्हणजे काकांच्या परीक्षेत नापास?

दांडियाबजारकर

नापास कशाला! काच फुटल्यावर जो ओरडत नाही तो माणूस नव्हे, घरजावई. भिडे ज्याने काच फोडली त्याच्यावरच ओरडतो ना? मग पास. आणि तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. "भिडे आव्यो छे" म्हणणारा माणूस चिमणरावाच्याच गोत्रातला.

सोटा_बहाद्दर

काकांनी आता बडोद्यातले निम्मे लोक चिमणराव करून टाकलेत. मी हरलो नाहीये, लक्षात असू द्या. गुंड्याभाऊचा स्वतंत्र धागा काढतो. तिथे या, शेव-उसळ माझ्याकडून. तर्री कुणाची झणझणीत, दांडिया बजारातली की कीर्तिस्तंभाजवळची, तेही तिथेच ठरवू.

पोहे_जिलेबी_इंदूर

शेव-उसळीचं नाव काढलंत तर आम्ही सराफ्यातून उठून येऊ. पण काका, माझं समाधान झालेलं नाही. चिमणराव होणंही सोपं नाही म्हणता, मान्य. तरी त्याच्या हातात एक ताणकाटा द्या. बाकी सगळं तसंच राहू दे.

काऊची_बाजू

काटा काऊच्या हातात द्या. एक टोक धरायला चिमणराव आहेच.

संपादक

शेव-उसळीवरचे प्रतिसाद वाढायच्या आत सूचना: खाण्याचं खाण्याच्या धाग्यावर. व्यक्तिरेखांवरची चर्चा चालू राहू द्या.

ओटल्यावरचा_पोरगा

यूट्यूबवर एक भाग बघितला. आवाज खरखरतो, चित्र धूसर आहे, सुरुवातीला काही पकडता येईना. मग आजी येऊन बसली आणि भराभर सांगायला लागली, हा कोण, ती कोण. प्रभावळकर बोलायच्या आधी एक आवंढा गिळतात ना, ते बघून मला आमच्या युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर फॉर्म भरायला उभा असलेला मीच आठवलो. आता पुस्तक वाचायचंय. कुठल्यापासून सुरू करू? आणि मराठी पुस्तकं इथे कुठे मिळतील? ऑनलाइन मागवू का?

मोडी_वाचणारी

'चिमणरावांचे चऱ्हाट'पासून सुरू कर. अडलास तर आजीला मोठ्याने वाचून दाखवायला सांग, चि. वि. कानाने जास्त कळतात.

मागवतोस कशाला? मांडवीला मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १९१० मध्ये सयाजीरावांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून ही ग्रंथालयाची व्यवस्था उभी केली. आत लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालून सावली दिसते. मराठी विभाग कुठे ते काउंटरवर विचार. आधी सभासद व्हावं लागेल, ओळखपत्र आणि फोटो बरोबर ने. आणि हो, सखाराम घरीच ठेव. मांडवीत दुचाकी लावायला जागा मिळाली तर तो दिवस तुझा.